पुस्तक मिटून करावयाचा अभ्यास : भोर-वेल्हे परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या पालकांसाठी

जुलै महिना उजाडला की भोर आणि वेल्हे या तालुक्यांत दोन कामांची एकदमच घाई उडते. हिर्डस मावळात आणि गुंजण मावळात चिखलणी होऊन भाताची लावणी सुरू होते आणि त्याच सुमारास महाविद्यालयांच्या पहिल्या सत्राच्या तासिकाही सुरू होतात. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भात कापणीला येते, तेव्हा त्या सत्राची परीक्षा तोंडावर आलेली असते. म्हणजे घराला हातांची जेव्हा सर्वांत अधिक गरज असते, नेमक्या त्याच दिवसांत महाविद्यालयालाही त्या विद्यार्थ्याची गरज असते. शहरातील विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या अभ्यासविषयक पुस्तकांत या अडचणीचा उल्लेख आढळत नाही. ‘रोज पहाटे चार तास अभ्यास करा’ असे सांगून ती पुस्तके मोकळी होतात.

(२०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास मान्यता दिली. तथापि लोकांच्या तोंडी अजून वेल्हे हेच नाव असल्याने येथेही तेच ठेवले आहे.)

या दोन तालुक्यांतील पुष्कळ मुले-मुली भोरच्या अनंतराव थोपटे महाविद्यालयात शिकतात, तर काही कापूरहोळमार्गे किंवा नसरापूर-चेलाडी फाट्यावरून पुण्याची वाट धरतात. एसटीच्या विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सवलत मिळते, त्यामुळे पैशांचा भार पुष्कळ हलका होतो. वेळेचा भार मात्र हलका होत नाही. तोरण्याच्या पायथ्याकडील एखाद्या वाडीतून निघालेल्या मुलीचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. अंधारात उठायचे, पाणी भरायचे, चालत फाट्यावर यायचे, गाडीची वाट पाहायची, तासिका संपल्या की परतीच्या गाडीसाठी पुन्हा उभे राहायचे. घरी पोहोचल्यावर चूल आणि गोठा तिची वाट पाहतच असतात. रात्री पुस्तक उघडायला तिला दीड-दोन तास मिळाले तरी तो दिवस चांगला म्हणायचा. अशा मुलीला ‘अधिक वेळ अभ्यास कर’ असे सांगण्यात काही अर्थ नाही. हाती असलेल्या दीड तासात काय करावे, एवढाच खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न शाळेत फारसा जाणवत नाही. शाळेत गुरुजी वह्या तपासतात, घटक चाचणी घेतात, न आलेल्या मुलाच्या घरी निरोप धाडतात. महाविद्यालयात हे सारे एकाएकी थांबते, आणि विद्यार्थ्याला वाटते की आपण मोकळे झालो. वास्तविक कामाची विभागणी तेवढी बदललेली असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी अभ्यासरचना लागू झाली. तिचा कणा म्हणजे श्रेयांक, ज्याला सर्वजण क्रेडिट म्हणतात. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला १२०० अध्ययन-तास आणि ४० श्रेयांक असे प्रमाण धरले आहे. म्हणजे एका श्रेयांकामागे ३० तास झाले. सैद्धांतिक विषयात त्यांपैकी १५ तास वर्गातील अध्यापनाचे असतात. उरलेले १५ तास विद्यार्थ्याने स्वतः द्यावेत, असे गृहीत धरलेले आहे. शिक्षकांनी जितके शिकवायचे, जवळजवळ तितकेच काम आपण करायचे असते, ही गोष्ट प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना कोणी उघडपणे सांगत नाही. पहिल्या सत्राचा निकाल हाती आला की मग ती कळते. अशा निकालानंतर काही मुले नेटाने पुढे जातात. काही मुले मात्र ‘आपल्याला झेपत नाही’ असे म्हणून कामाला लागतात, आणि मुलगी असेल तर घरात लग्नाचा विषय निघतो. एका सत्रातील दोन विषय राहिल्यामुळे कोणाची वाट बदलावी, इतके ते अपयश मोठे नसते. बहुतेक वेळा दोष बुद्धीचा नसून अभ्यासाच्या रीतीचा असतो.

आपल्याकडे अभ्यास म्हणजे वाचणे, असे समीकरण पक्के झालेले आहे. धडा एकदा वाचायचा, मग दुसऱ्यांदा, मग महत्त्वाच्या ओळींखाली रेघा ओढायच्या आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा वाचायचे. या रीतीची परीक्षा अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी घेतली आणि तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा देण्यात आला. एका गटाने चार बैठकांत तो पुनःपुन्हा वाचला. एकूण वाचने सरासरी चौदा झाली. दुसऱ्या गटाने एकाच बैठकीत, सरासरी तीन-साडेतीन वेळा वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत उतारा न पाहता जे आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. त्यांना ८३ टक्के मजकूर आठवला, तर लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. परंतु आठवड्यानंतर चित्र पालटले. वाचणाऱ्यांजवळ ४० टक्के उरले होते, तर पुस्तक मिटून लिहिणाऱ्यांजवळ ६१ टक्के.

यातील सर्वांत बोलकी गोष्ट टक्केवारीत नाही. आठवड्याने आपल्याला किती आठवेल, असे आधीच विचारले असता अधिक खात्री वाटत होती ती वारंवार वाचणाऱ्यांना. ओळखीचा मजकूर डोळ्यांखालून गेला की ‘हे मला येते’ असे मन सांगू लागते. परंतु पाहिल्यावर ओळखणे निराळे आणि न पाहता सांगता येणे निराळे. परीक्षेच्या दालनात पुस्तक समोर नसते, तेथे न पाहताच सांगावे लागते. जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरील संशोधन एकत्र करून तपासले. त्यात स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांत विभागून करणे या दोन पद्धती सर्वांत उपयुक्त ठरल्या. रेघा ओढणे आणि पुनःपुन्हा वाचणे या पद्धती खालच्या रांगेत गेल्या. नेमक्या त्याच आपल्या सर्वांत आवडत्या आहेत.

आता हे दीड तासात कसे बसवायचे ते पाहू. अर्थशास्त्राच्या तासाला मागणीची लवचिकता शिकवली, असे समजा. परतीच्या गाडीत बसल्यावर वही उघडू नये. डोळे मिटून स्वतःला विचारावे : आज काय शिकवले? लवचिकता म्हणजे काय? आंबेमोहोराचा भाव वाढला तर गिऱ्हाईक दुसऱ्या तांदळाकडे का वळते, आणि मिठाचा भाव वाढला तरी मिठाचा खप फारसा का घटत नाही? जेथे अडखळाल ती जागा मनात टिपून ठेवावी. गाडीतील हलत्या दिव्याखाली वाचण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा हे काम सोपे आहे आणि उपयोगीही. रात्री घरी आल्यावर एक पाठकोरा कागद घ्यावा आणि दहा मिनिटांत आठवेल तेवढे लिहावे. त्यानंतरच वही उघडावी आणि राहून गेलेले दुसऱ्या रंगाच्या शाईने भरावे. ती दुसरी शाई म्हणजे आपल्या अज्ञानाचा नकाशा होय. पुढील वाचन तेवढ्याच जागेचे करायचे असल्यामुळे वेळही थोडा लागतो. गणितात आणि हिशेबशास्त्रात कोऱ्या कागदावर सोडवलेले उदाहरणच मांडावे. सोडवलेले उदाहरण ‘वाचून काढणे’ हा अभ्यास नव्हे, हे पुष्कळांना ताळेबंद जुळेनासा झाला की उमगते.

हीच उजळणी दोन-तीन दिवसांनी एकदा, आठवड्याने एकदा आणि महिन्याने एकदा करावी. हेरमान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले की शिकलेले विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि नंतर तो मंदावतो. म्हणूनच त्याच दिवशीच्या दहा मिनिटांचे मोल परीक्षेआधीच्या तासाभराहून अधिक. भात पिकवणाऱ्या घरात हे फार समजावून सांगावे लागू नये. तरवा टाकून थेट कापणीलाच शेतावर गेलेला शेतकरी कोणी पाहिला आहे काय?

कॅथलिक परंपरेत ही रीत चारशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेली आहे, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांना ठाऊक असेल. येशूसंघाने १५९९ साली आपल्या महाविद्यालयांसाठी ‘रात्सियो स्तुदिओरुम’ ही अध्ययनाची नियमावली तयार केली. तिच्यात उजळणीला व्याख्यानाइतकेच महत्त्व आहे. व्याख्यान झाल्यावर प्राध्यापकांनी लगेच निघून जाऊ नये, निदान पाव तास थांबून विद्यार्थ्यांच्या शंका ऐकाव्यात व शिकवलेले त्यांच्याकडून वदवून घ्यावे, असा नियम आहे. निवासात रोज उजळणीचा वेळ राखलेला होता आणि खालच्या वर्गांत शनिवारी साऱ्या आठवड्याच्या पाठांची उजळणी होत असे. हे नियम करणाऱ्यांना मानसशास्त्राचे प्रयोग ठाऊक नव्हते. त्यांच्यापाशी होता तो वर्गातील दीर्घ अनुभव, आणि त्या अनुभवाच्या मुळाशी त्यांच्या संस्थापकाचे स्वतःचे विद्यार्थिजीवन.

ते विद्यार्थिजीवन विलक्षण कष्टाचे होते. संत इग्नेशियस लोयोला यांचा जन्म १४९१ चा. सैनिकी पेशात वाढलेले, १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडलेले इग्नेशियस १५२४ साली बार्सेलोना येथे लॅटिन व्याकरण शिकावयास बसले तेव्हा त्यांची तिशी उलटून गेली होती. क्रियापदांची रूपे पाठ करू लागले की त्यांच्या मनात आध्यात्मिक विचार दाटून येत. प्रार्थनेच्या वेळी न येणारे विचार अभ्यासाच्याच वेळी का येतात, हे त्यांनी पारखले आणि ही चांगल्या रूपातील विघ्ने आहेत असे ठरवले. मग ते थेट आपल्या शिक्षकांकडे गेले, मनातील सारे सांगितले आणि भाकर-पाणी मिळत आहे तोवर दोन वर्षे एकही पाठ चुकवणार नाही, असा शब्द दिला. विचार चांगला असला तरी अभ्यासाच्या वेळेत तो पाहुणाच, आणि पाहुण्याला थांबायला सांगता येते. आज पाहुण्याची जागा मोबाइलने घेतली आहे. त्याच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे एकच सांगतो : अभ्यासाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत असावा, आणि खोली एकच असेल तर आईच्या हाती द्यावा.

बार्सेलोनानंतर इग्नेशियस आल्काला येथे गेले. तेथे त्यांनी तर्कशास्त्र, भौतिकी आणि ईशज्ञान हे सारे एकाच वेळी, घाईघाईने शिकण्याचा प्रयत्न केला. फलित जवळजवळ काहीच नाही. १५२८ च्या फेब्रुवारीत ते पॅरिसला पोहोचले आणि आपला पाया कच्चा असल्याचे ओळखून माँतेग्यू महाविद्यालयात लहान मुलांच्या वर्गात पुन्हा लॅटिनला बसले. तेव्हा ते छत्तीस-सदतीस वर्षांचे होते. बारावीचे इंग्रजी किंवा गणित कच्चे राहिले म्हणून लाजणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाने एवढे ध्यानात ठेवावे. मागचे पुस्तक पुन्हा हाती घेण्यात कमीपणा नाही. दहावीचे गणिताचे पुस्तक महिनाभर घेऊन बसले तर पुढील तीन वर्षांचा मार्ग सोपा होतो.

पॅरिसमधील त्यांची पुढची अडचण तर भोर-वेल्ह्याच्या मुलांना आपलीच वाटेल. त्यांनी ज्याच्याकडे पैसे ठेवायला दिले होते त्याने ते खर्चून टाकले. इग्नेशियस यांना राहण्यासाठी एका धर्मशाळेचा आश्रय घ्यावा लागला. ती धर्मशाळा महाविद्यालयापासून दूर होती. तिचे दार उजाडल्यावर उघडे आणि सायंकाळच्या प्रार्थनेच्या घंटेआधी परतावे लागे. पाठ मात्र त्याआधी सुरू होत आणि त्यानंतरही चालत. शिवाय पोटासाठी भिक्षा मागण्यात वेळ जाई. काही काळ गेल्यावर अभ्यास पुढे सरकत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा एका स्पॅनिश धर्मबंधूने त्यांना सुचवले की रोज थोडे मागण्यापेक्षा वर्षातून एकदा फ्लँडर्सला जावे, तेथील स्पॅनिश व्यापाऱ्यांकडून वर्षाची बेगमी आणावी आणि उरलेला काळ अखंड अभ्यास करावा. त्यांनी तसेच केले, एका वर्षी तर ते इंग्लंडपर्यंत गेले. १५२९ साली ते सेंट बार्ब महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांच्या खोलीत पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे दोघे तरुण होते. शिक्षकांच्या सांगण्यावरून फेबर त्यांच्याकडून धड्यांची उजळणी करून घेत असत. १५३५ साली त्यांना एम.ए.ची पदवी मिळाली. पुढे संत म्हणून वंदिल्या गेलेल्या तिघांचा तो अभ्यासगट एका खोलीत बसत होता.

या हकिगतीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु मला त्यातील फ्लँडर्सची यात्रा सर्वांत मोलाची वाटते. काम टाळता येत नव्हते, म्हणून त्यांनी काम आणि अभ्यास यांची रोजची ओढाताण थांबवून कामाला वर्षाचा एक भाग नेमून दिला. आपल्याकडेही हे करता येण्याजोगे आहे. लावणीचे आठ-दहा दिवस मुलगा शेतावर असणारच. तो चोरून गैरहजर राहण्यापेक्षा त्याने आधीच प्राध्यापकांना सांगावे, मित्राकडून त्या दिवसांची टिपणे घ्यावीत आणि रोज रात्री फक्त दहा मिनिटे जुन्या धड्याची आठवण करावी. पैशांची गरज असेल तर विद्यापीठाच्या कर्मवीर भाऊराव पाटील ‘कमवा व शिका’ योजनेविषयी महाविद्यालयात विचारावे. त्या योजनेतील काम महाविद्यालयातच असते, त्यामुळे प्रवासाचा वेळ वाचतो. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीरांनी श्रम करून शिकणाऱ्या मुलाची मान ताठ केली. त्या मुलाने स्वतःला दुय्यम समजू नये.

फेबर आणि इग्नेशियस यांची उजळणी हीदेखील मावळच्या माणसाला परकी नाही. एकाच्या शेतावर सर्वांनी राबायचे, मग दुसऱ्याच्या, अशी इर्जिक येथे चालत आलेली आहे. तशी अभ्यासाची इर्जिक करावी. तिघे-चौघे एकत्र यावेत, प्रत्येकाने एक-एक धडा इतरांना पुस्तक न पाहता समजावून सांगावा आणि इतरांनी प्रश्न विचारावेत. समजावून सांगताना जेथे वाक्य तुटते तेथे आपले ज्ञान संपलेले असते. मात्र चौघे बसून चौघेही मुकाट्याने वाचत असतील तर ती इर्जिक नव्हे, तो नुसता शेजार. शक्य असेल तेथे धर्मग्रामाचे सभागृह परीक्षेच्या महिन्यात संध्याकाळी अभ्यासासाठी उघडे ठेवण्याचा विचार धर्मग्राम परिषदेने अवश्य करावा. एक दिवा, चार बाके आणि शांतता, एवढीच त्याची सामग्री.

भाषेचा प्रश्नही मोठा आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी विज्ञान शाखेत गेला की त्याला विषय आणि भाषा ही दोन ओझी एकदम उचलावी लागतात. कला शाखेत मराठीतून उत्तरे लिहिता येत असली तरी संदर्भग्रंथ पुष्कळदा इंग्रजीच असतात. यावर रोज पाच पारिभाषिक शब्दांची वही हा जुना उपाय अजूनही उत्तम आहे. डाव्या पानावर इंग्रजी संज्ञा, उजव्या पानावर मराठी शब्द आणि खाली स्वतःच्या शब्दांत एका वाक्याचा अर्थ लिहावा. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने अनेक विषयांचे परिभाषा कोश तयार केले आहेत आणि मराठी विश्वकोश आता महाजालावर विनामूल्य वाचता येतो. संकल्पना आधी मराठीत समजून घेतली तर इंग्रजी वाक्य पाठ करण्याची वेळ येत नाही. घोकलेले इंग्रजी वाक्य मध्येच एक शब्द निसटला की सारेच कोसळते, हे परीक्षकांना उत्तरपत्रिकांत दिसते.

झोपेविषयी दोन शब्द. परीक्षेच्या आदली रात्र जागून काढण्याची आपल्याकडे मोठी प्रौढी आहे. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी केलेल्या प्रयोगात, शिकल्यानंतर झोप घेतली असता जागे राहण्यापेक्षा अधिक आठवते असे दिसून आले. तो प्रयोग अवघ्या दोन विद्यार्थ्यांवर केलेला होता, परंतु पुढील संशोधनाने त्याला दुजोराच दिला.

पालकांना एक विनंती करावीशी वाटते. आपण स्वतः महाविद्यालय पाहिले नसेल, तरीही मुलांच्या अभ्यासात आपण साह्य करू शकता. रात्री जेवणानंतर ‘आज काय शिकलास, ते मला सांग’ एवढे विचारावे आणि ऐकून घ्यावे. आपल्याला समजले नाही तर ‘पुन्हा सांग’ म्हणावे. मुलाची उजळणी आपोआप होते, आणि तीही पुस्तक मिटून. मुलगी असेल तर तो अर्धा तास तिला स्वयंपाकघरातून मोकळीक द्यावी. भावाला मिळणारा वेळ तिला मिळत नसेल तर तिच्या गुणांची तुलना भावाच्या गुणांशी करणे न्यायाचे नाही.

सत्र परीक्षेच्या तारखा जाहीर झाल्या की त्या घरातील दिनदर्शिकेवर भात कापणीच्या दिवसांशेजारी लिहून ठेवाव्यात आणि सर्वांनी एकदा बसून बोलून घ्यावे. हळवे भात आधी कापणीला येते, गरवे उशिरा. कोणत्या खाचराची कापणी पेपरांच्या आधी उरकायची, कोणत्या खाचराला इर्जिक सांगायची आणि कोणते शेवटच्या पेपरापर्यंत थांबू शकते, याचा अंदाज सप्टेंबरमध्येच बांधता येतो.